काठावरून लोणार

मुंबईहून नागपूरला विमानानं निघाला असाल तर उजव्या हाताची खिडकी मागून घ्यावी. नकाशावर या दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर लोणार तिच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर येतं. विमानं काही रेघेबरहुकूम उडत नाहीत, ढग आडवे येतात, खिडकीची काच ओरखडलेली असते. तरी हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी जमून जातं. आधी पैठणचा नाथसागर दिसतो, पसरट आणि अवाढव्य. तो मागे पडला की दहाएक मिनिटं खाली बघत राहायचं. वावरांची चौकडी, मधूनमधून लहानमोठी धरणं. धरणाचं पाणी लगेच ओळखू येतं. एक बाजू सरळ, ती भिंत; दुसऱ्या बाजूला ते ओढ्यानाल्यांत शिरून त्याला फाटे फुटलेले. मग एक पाणी असं येतं की त्याला भिंतही नाही आणि फाटेही नाहीत. भोवती गडद हिरवं कडं, आत शेवाळी लंबगोल. लंबगोल दिसतं ते आपण तिरपं पाहतो म्हणून. शेजारच्या प्रवाशाला दाखवायला जावं तर तो चष्मा शोधेपर्यंत ते पंखाआड गेलेलं असतं.

एवढ्याशा दर्शनातही एक गोष्ट कळून जाते. बुलढाणा जिल्ह्याच्या त्या सगळ्या मुलखात निसर्गानं दुसरं काहीही गोल केलेलं नाही. टेकड्या सपाट माथ्याच्या, नद्या वेड्यावाकड्या, आणि त्यांच्यामध्ये हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, कुणीतरी आखून काढल्यासारखं भोक.

गोलच का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आकाशातून येणारा दगड काही दर वेळी सरळ डोक्यावरून येत नाही. तिरपा आला तर खड्डा लांबट व्हायला हवा. चिखलात तिरका दगड मारला की होतो तसा. याचं उत्तर वेगात आहे. चिखलातला दगड चिखल बाजूला ढकलतो. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगानं आलेला अशनी जमिनीत घुसता घुसताच फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते, आणि त्याच्या अंगातली सगळी ऊर्जा एका जागी मोकळी होते. खड्डा पडतो तो त्या स्फोटानं. स्फोटाला दिशा फारशी नसते, म्हणून अशनी अगदी जमिनीलगत घासत आला नसेल तर विवर गोलच होतं. आणि ते दगडापेक्षा कितीतरी मोठं होतं. ढोबळ हिशेब वीसपटीचा सांगतात. म्हणजे लोणारचा धोंडा शंभर मीटरच्या आतबाहेरचा असावा.

हे ठाऊक असलं की काठावर हमखास कानी पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असतं. तो प्रश्न म्हणजे, ‘मंग थो दगड कुठी हाये?’ सहलीच्या बसमधून उतरलेले लोक कठड्याशी येतात, खाली पाहतात, ‘बापरे’ म्हणतात, आणि दुसरं वाक्य हेच. वाटाडे या प्रश्नाला सरावलेले असतात. ‘पाण्याखाली आहे’ हे सोपं उत्तर ते देऊन टाकतात, कारण ‘दगड उरलाच नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक नाराज होतं.

जमिनीवरून लोणारला यायचं तर समृद्धी महामार्गामुळे आता मेहकरपर्यंतचा प्रवास सोपा झाला आहे. मला मात्र जुना रस्ता आवडतो: जालना, सिंदखेडराजा, सुलतानपूर. जिजाऊंच्या जन्मगावात थोडं थांबता येतं आणि सोयाबीन, तूर, पऱ्हाटीची वावरं बघत बघत त्या सपाट देशाची डोळ्यांना सवय होते. ही सवय हवी. कारण लोणार गावात शिरल्यावरही विवराचा पत्ता नसतो. घरं, दुकानं, रिक्षा, आणि एक हलकासा चढ. तो चढ हाच विवराचा काठ. भोवतालच्या जमिनीपेक्षा तो वीसेक मीटर उंच आहे. चढ संपतो तिथे जमीनही संपते, आणि पायाखाली सव्वाशे-दीडशे मीटर खोल, झाडीनं भरलेली वाटी आणि तळाशी पाणी.

गाव विवराच्या ईशान्य कडेवर वसलेलं आहे. त्यामुळे सकाळी इथे उभं राहिलं तर ऊन पाठीमागून येतं आणि समोरची पश्चिमेची भिंत उजळते. दुपारी आलात तर सगळं धुरकट आणि चपटं दिसेल. बहुतेक सहली नेमक्या दुपारी येतात. पुष्कळजण घाईघाईनं पायवाटेनं खाली उतरतात, देवळं बघतात, पाण्याचा वास घेऊन नाक मुरडतात आणि धापा टाकत वर येतात. खाली उतरू नये असं मी म्हणणार नाही, पण खाली गेल्यावर हे तुम्हाला एखाद्या दरीतल्या तळ्यासारखं वाटेल. विवर म्हणून ते दिसतं ते वरूनच. पुरावाही वरच आहे.

एकदा भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांबरोबर काठाकाठानं चालण्याचा योग आला. काठाचा घेर हिशेबानं पावणेसहा किलोमीटर भरतो. पाऊलवाट वळसे घेते, झुडपं आडवी येतात, त्यामुळे सकाळ त्यातच जाते. सरांनी आधी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. ‘थर मोजा बरं.’ उन्हात काळसर-करड्या खडकाचे पट्टे दिसत होते. पाच-सहा असावेत. हे दख्खनच्या लाव्ह्याचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात असे थर आपण पाहतो आणि तिथे ते जवळजवळ आडवे, पाणसळ लावल्यासारखे असतात. ‘इथे आडवे आहेत का?’ नव्हते. पाण्याच्या बाजूनं ते उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले होते. खालून जबरदस्त रेटा बसून कडा वर उचलल्या गेल्या, त्याची ही खूण. नदीनं कोरलेल्या दरीत थर कापले जातात, उचलले जात नाहीत. जमीन खचून खड्डा झाला असता तर त्यांचा कल आतल्या बाजूला दिसायला हवा होता.

पुढे काठाच्या अगदी माथ्यावर एके ठिकाणी त्यांनी थांबवलं. तिथे थरांचा क्रमच उलटा आहे. झोपेत लाथ बसून गोधडीची कड उलटून पडावी, तसा वरचा थर खाली आणि खालचा वर आलेला. आणि त्याहून पलीकडे, काठाच्या बाहेरच्या उतारावर, पायवाटेनं कापलेल्या एका दरडीत जे दिसलं ते मला सगळ्यात आवडलं. वरवर पाहता साधा मुरूम. सरांनी त्यातला एक ढेकूळ उचलून माझ्या हातावर ठेवला. मुठीएवढे, सुपारीएवढे, राळ्याच्या दाण्याएवढे बेसॉल्टचे तुकडे, सगळे टोकदार, आणि त्यांच्यामध्ये त्याच दगडाचं पीठ. नदीनं आणलेला गाळ असता तर तुकडे गोलसर झाले असते आणि जाडबारीक वेगवेगळे बसले असते. हे सगळं एका झटक्यात फुटून, हवेत उडून, एकत्रच खाली पडलेलं. विवरातून उडालेला असा मलबा काठापासून किलोमीटरभराहूनही लांबपर्यंत पसरला आहे. त्यावर आज शेती होते. त्यात कुठे कुठे काळ्या, फुगीर, काचेसारख्या वितळलेल्या दगडाचे तुकडे सापडतात. अभयारण्याच्या हद्दीतून दगड नेणं गुन्हा आहे, तेव्हा आम्ही ढेकूळ जिथल्या तिथे ठेवून दिलं.

आज हे सगळं सरळ वाटतं, पण विज्ञानाला ते पटायला दीडशे वर्षं लागली. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्याच्याही आधी सोळाव्या शतकात अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इथल्या खाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं होतं: काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि सरकारला त्यातून चांगला महसूल येतो. खड्डा कसा झाला याच्याशी मोगल दरबाराला कर्तव्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांना होतं, आणि भोवती सगळा लाव्हाच दिसत असल्यानं त्यांनी ज्वालामुखीकडे बोट दाखवलं. मोठा वाफेचा स्फोट झाला असेल किंवा पोकळीवरचं छत खचलं असेल, असं म्हटलं गेलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या विवराचा अभ्यास करणाऱ्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टला १८९६ मध्येच लोणार आणि ॲरिझोना यांच्यातलं साम्य जाणवलं होतं. गंमत अशी, की त्यानं ॲरिझोनाचं विवरही वाफेच्या स्फोटाच्या खात्यात टाकलं होतं. जोडी बरोबर लावली आणि दोन्हींचं कारण चुकवलं.

ज्वालामुखीच्या कल्पनेत मोठी अडचण काळाची होती. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावले. हे विवर मात्र इतकं ताजं आहे की त्याचा काठ अजून झिजून गेलेला नाही. १९६० च्या दशकात उल्काघाताची शंका उघडपणे मांडली जाऊ लागली. शेवटी स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात छिद्रं पाडून खालचे नमुने काढले. वर सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याखाली चुरडलेला खडक. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. त्यांना प्रचंड दाबाचा धक्का बसला तर ते न वितळताच काच होऊन जातात. बाहेरून आकार स्फटिकाचा, आतून काच. ज्वालामुखी कितीही मोठा असला तरी एवढा दाब त्याच्या आवाक्यात नाही. जगात इतरत्र उल्काघात सिद्ध करायला गारेच्या म्हणजे क्वार्ट्‌झच्या कणांवरच्या धक्क्याच्या रेघा पाहतात. आपल्या काळ्या दगडात गार जवळजवळ नसतेच, म्हणून इथे साक्ष फेल्डस्पारला द्यावी लागली. हा निष्कर्ष १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला आणि वाद मिटला.

दगडाच्या शोधात असलेल्यांसाठी एवढंच, की मलब्यातल्या काचेच्या बारीक मण्यांत निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचं प्रमाण इथल्या खडकाच्या मानानं जास्त सापडलं आहे. आलेल्या पाहुण्याची हजेरी लागलेली आहे ती तेवढीच.

वय मात्र अजूनही फलकांवर जुनंच रंगवलेलं असतं: ५२,००० वर्षं. हा आकडा १९९० च्या दशकातला, काचेवरच्या एका वेगळ्या पद्धतीच्या मोजणीतून आलेला. पुढे वितळलेल्या खडकातल्या आरगॉनच्या मोजणीतून सुमारे ५,७०,००० वर्षं हा आकडा निघाला. एका शून्याचा फरक म्हणावा एवढी तफावत! संशोधकांत आता दुसऱ्या आकड्याचं वजन जास्त आहे. ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ ही पाटीही आता उतरवायला हरकत नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये व्हार्जेआंव आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरं बेसॉल्टमध्येच आहेत. ती जुनी आणि झिजलेली आहेत. इतक्या नीट टिकलेलं बेसॉल्टमधलं विवर पाहायचं तर लोणारलाच यावं लागतं. एवढी थोरवी पुरे नाही का? चंद्राबद्दलही असंच होतं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये इथल्या मातीतली खनिजं अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रखडकांशी जुळतात असं दाखवलं, आणि बातम्यांत लोणार थेट चंद्रावर जाऊन बसलं. चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश बेसॉल्टचेच आहेत. जुळणार तर होतंच. खरी किंमत त्या जुळण्याची आहे. चंद्रावर किंवा मंगळावर बेसॉल्टला धक्का बसला की काय होतं, ते तिकडे न जाता इथे हातात घेऊन पाहता येतं.

काठावरून पाण्याकडे पाहिलं तर वर्तुळाच्या आत वर्तुळं दिसतात. मध्ये पाणी, त्याभोवती खाऱ्या चिखलाचा उघडा पट्टा, मग झाडी. चिखलाजवळ बाभूळवर्गातली झाडं, वर चढत जावं तसं कोरडं पानझडी जंगल. मातीतला खार जसजसा कमी होतो तशी झाडं बदलतात, आणि ते वरून एका नजरेत वाचता येतं. या रचनेत वेड्या बाभळीनं घुसखोरी केली आहे. ती काढण्याचं काम चालतं, ती पुन्हा फुटते. मोर आणि वानरं भरपूर. मोराची आरोळी त्या वाटीत घुमते तेव्हा तो कुठे आहे ते अजिबात कळत नाही.

पाण्याला बाहेर जायला वाट नाही. आत येणारं पाणी फक्त उन्हानं जातं आणि खार मागे राहतो, म्हणून ते इतकं अल्कधर्मी आहे. आत येणारं पाणी मात्र गोड. ईशान्येला काठ जिथे चिरला गेला आहे तिथे धार आहे, बारमाही. गोमुखातून पडणाऱ्या त्या धारेखाली लोक अंघोळ करतात. थोड्या अंतरावर सीतान्हाणी. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर दाखवतात. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. कोणती बाजू कुणाची हे विचारू नये. आम्हाला घेऊन जाणाऱ्या वाटाड्यानं सांगितलं, ‘ते पाहणाऱ्याच्या घरावर हाये, ताई,’ आणि आमच्यातल्या दोघीजणी एकाच वेळी हसल्या.

विवर वरून पाहण्याची खरी उपयुक्तता लोकांना पटली ती जून २०२० मध्ये. टाळेबंदी होती, पर्यटक नव्हते, आणि एके दिवशी गावकऱ्यांना पाणी गुलाबी दिसलं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहानं २५ मे आणि १० जून अशा दोन तारखांना टिपलेली छायाचित्रं शेजारी ठेवली की पहिल्यात हिरवं आणि दुसऱ्यात गुलाबी वर्तुळ. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे नमुने गेले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात, आणि पाणी आटून खार वाढला की त्यांची चलती होते, असं निदान निघालं. नमुन्याच्या बाटल्या काही काळ स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातला दुसरा.

आकाशातून विवर पाहण्याची हौस किती महागात पडू शकते याची एक गोष्ट ॲरिझोनाची. १९६४ मध्ये एका लहान सेस्ना विमानातून दोघेजण तिथल्या विवरावर खाली उतरून फिरायला गेले. आत शिरल्यावर विमानाला काठाच्या वर चढण्यापुरती उंचीच घेता येईना. ते आत घिरट्या घालत राहिले आणि शेवटी कोसळले. दोघेही जबर जखमी झाले, पण वाचले. लोणारवर घिरट्या घालायला पाणबगळे पुरेसे आहेत; माणसानं काठावरच्या कठड्यावर भागवावं.

वेळ असेल तर गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नये. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला तासभर लागतो. लवणासुराची कथा इथलीच. तो जमिनीखाली लपून बसे. विष्णूनं त्याच्या बिळावरचं झाकण पायानं उडवलं, ते दूर जाऊन पडलं, आणि आतल्या दैत्याचा वध केला. भूशास्त्राच्या सरांना ही कथा फार प्रिय होती. ‘झाकण उडालं आणि लांब पडलं, एवढं तर बरोबरच आहे की,’ ते म्हणाले.

मोठ्या विवराच्या उत्तरेला सातशे मीटरवर अंबर तळं आहे, तीनेकशे मीटर व्यासाचं. त्याला छोटं लोणारही म्हणतात. त्याच्याजवळ मोठ्या मारुतीचं देऊळ. मूर्ती प्रचंड, आडवी, शेंदरानं माखलेली. इथे दगडाच्या प्रश्नाला थेट उत्तर मिळतं: हाच तो दगड, मारुती त्यातूनच घडवलेला. खिशातलं होकायंत्र जवळ नेलं की सुई हलते, हे पुरावा म्हणून दाखवतात. सुई हलते हे खरं. पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि दख्खनच्या कुठल्याही चांगल्या काळ्या कातळाजवळ ती हलू शकते. अंबर तळ्याचं प्रकरण मात्र खरोखर उघडं आहे. मुख्य अशनीचा एक तुकडा सुटून इथे पडला आणि हे दुसरं विवर झालं, असं काहीजण मानतात. काहींना इथे धक्क्याच्या खुणा पुरेशा दिसत नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक येऊन मोजमापं करून जातात. मोठ्या विवराचा वाद तळात छिद्रं पाडल्यावर मिटला. इथे तसं खोल काही निघालं तर मॅस्केलिनाइट आहे की नाही, यावर निकाल लागेल. तोवर तळ्याच्या काठावरून पलीकडे पाहिलं की शेतकऱ्याचं वावर लगेच सुरू होतं, धुऱ्यावर बोरीची झुडपं, आणि थर उचलले गेलेत का ते बघायला उघडा कडा कुठेच नाही.